पावसाळ्यातही वाळणारी रात्रीची चड्डी: अंथरूण ओलं होणाऱ्या मुलांसाठी निवड, माप आणि धुलाई

कोकणात रात्रीची चड्डी निवडायची तर आधी जुलै महिना डोळ्यांपुढे आणावा. ऑनलाईन बघायला बसलं की सगळ्यात जाड, सगळ्यात जास्त शोषणारी चड्डीच घ्यावीशी वाटते. मे महिन्यात ती अंगणातल्या दोरीवर दुपारपर्यंत खडखडीत वाळतेही. मृग लागला की तीच चड्डी पडवीत तीन-तीन दिवस लोंबकळते, वरून वाळल्यासारखी वाटली तरी आतून दमट राहते, कुबट वास धरते, आणि रात्री पोराला घालायला काही उरत नाही. मग पुन्हा डिस्पोजेबल डायपरची पाकिटं येतात. वाडीवर कचरागाडी येत नसेल तर ते पुरायचे कुठे आणि टाकायचे कुठे हा प्रश्न उभा राहतो, आणि बरेचसे शेवटी व्हाळात, म्हणजे ओढ्यात जातात.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: मुलाला रात्री नेमकी किती शू होते ते मोजा, आणि तेवढी शोषून घेणाऱ्यांपैकी सगळ्यात लवकर वाळणारी चड्डी घ्या. बाकी सगळं त्यानंतर.

आधी मूल, मग चड्डी

पाच वर्षांच्या आतल्या मुलाला झोपेत शू होत असेल तर डॉक्टर त्याला आजार म्हणत नाहीत. पाचव्या वर्षी साधारण शंभरातली पंधरा मुलं अंथरूण ओलं करतात. पुढे दरवर्षी त्यांतली जवळपास १५ टक्के मुलं काही न करता कोरडी होत जातात. मुलग्यांमध्ये हे प्रमाण मुलींपेक्षा जास्त असतं, आणि घराण्यात असलं तर जास्त दिसतं. आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला होण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास असते, दोघांनाही असेल तर ७५ टक्क्यांच्या आसपास. वडिलांनी स्वतः मुलाला जवळ घेऊन 'मलाही व्हायचं रे, नंतर थांबलं' एवढं सांगितलं तरी त्याच्या मनावरचं ओझं उतरतं.

कारणं शरीरातली आहेत. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक जास्त सुटायला हवं. काही मुलांत ही व्यवस्था उशिरा लागते. काहींचं मूत्राशय वयाच्या मानाने कमी धरतं. बऱ्याच जणांना मूत्राशय भरल्याची जाणीव झोपेत होतच नाही. आणि बद्धकोष्ठता असेल तर भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. यातल्या एकाही गोष्टीत आळस नाही, हट्ट नाही. ओरडून, चार पाहुण्यांसमोर बोलून किंवा 'एवढा घोडा झाला तरी' म्हणून मूल कोरडं होत नाही, ते फक्त झोपायला घाबरायला लागतं. घरच्या आजी काळे तीळ आणि गूळ देतात. ते खाऊ म्हणून खुशाल द्यावं, पण त्यावर भिस्त ठेवून बसू नये.

काही वेळा मात्र चड्डी शोधण्याआधी डॉक्टर गाठायचा. सहा महिने किंवा जास्त काळ कोरडं राहिलेलं मूल अचानक पुन्हा ओलं करायला लागलं, लघवी करताना दुखतं, ताप येतो, लघवीत रक्त दिसतं, दिवसाही कपडे ओले होतात, धार बारीक पडते, रोज जोरात घोरतं, किंवा पाय कमजोर वाटतात, तर दाखवून घ्या. मूल सारखं पाणी मागतंय, वजन उतरतंय, मलूल पडलंय, असं असेल तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्यायची. लहान मुलांच्या मधुमेहाची सुरुवात अशीही होते. आणि पाच वर्षांनंतर मुलाला स्वतःलाच या गोष्टीचा त्रास होत असेल तर बाकी काही लक्षण नसलं तरी बालरोगतज्ज्ञांकडे जायला हरकत नाही. ओल लागली की वाजून मुलाला जागं करणारे अलार्म आहेत, औषधं आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

चड्डी हा उपचार नाही. तिच्याने मुलाची झोप आणि घरातली गादी वाचते, आणि एवढं काम तिने नीट केलं तरी पुष्कळ.

रात्रीची शू मोजायची कशी

हे काम किराण्याच्या छोट्या डिजिटल काट्यावर होतं. ही पायरी बहुतेक जण सोडून देतात, आणि पैसे इथेच वाया जातात.

झोपण्याआधी मुलाला जे घालणार आहात ते कोरडं असताना वजन करा. आता काहीच नसेल तर एखादी डिस्पोजेबल पँट किंवा चड्डीत बसेल अशी टॉवेलची घडी चालेल. खाली रबरी शीट आणि तिच्यावर एक वेगळा टॉवेल अंथरा, त्याचंही वजन आधीच घेऊन ठेवा. सकाळी मूल उठल्या उठल्या दोन्ही ओल्या वस्तू एका पातळ पिशवीत घालून काट्यावर ठेवा. जेवढे ग्रॅम वाढले तेवढी मिलिलिटर शू, असं साधारण धरायचं. समजा रात्री चड्डी आणि टॉवेल मिळून ३१० ग्रॅम होते आणि सकाळी ५३५ भरले, तर २२५ मिली झाली. असं तीन-चार रात्री करा, त्यातली एखादी सुट्टीची, उशिरा जेवणाची असू द्या. सगळ्यात मोठा आकडा लिहून ठेवा. तो डॉक्टरांनाही उपयोगी पडतो.

अंदाजासाठी एक सूत्र आहे: मुलाच्या वयात एक मिळवायचा आणि तीसने गुणायचं. वयाच्या मानाने मूत्राशय सुमारे तेवढे मिलिलिटर धरतं. पाच वर्षांच्या मुलाचं १८०, सातव्या वर्षी २४०, नवव्या वर्षी ३००. काही मुलं रात्रीत एकदाच पूर्ण मूत्राशय रिकामं करतात, काही दोनदा. दोनदा करणाऱ्याचा आकडा या सूत्राच्या बराच पुढे जातो, आणि त्याला बाजारातली साधी चड्डी पुरत नाही.

मोजताना संध्याकाळचं खाणंपिणंही बघा. रात्री खारट मासळी, वर दोन वाट्या सोलकढी, मे महिन्यात कलिंगड, आणि आजीबरोबर घोटभर चहा, असं असेल तर आकडा फुगणारच. पाणी तोडायचं नाही. उकाड्यात मुलाला दिवसभर भरपूर पाजा, फक्त झोपण्याआधीच्या तासा-दोन तासांत हात आवरता ठेवा. चहा मात्र संध्याकाळनंतर नकोच, त्याने लघवी वाढते. झोपताना शू करून घ्यायला विसरू नका.

दुकानात काय काय मिळतं

कुडाळ-कणकवलीच्या बाजारात किंवा रत्नागिरीत विचारलंत तर बहुतेक बाळांचे कापडी डायपर पुढे येतात. त्यांतल्या 'फ्री साइज'वाल्यांवर बऱ्याचदा ५ ते १७ किलो असं लिहिलेलं असतं. सहा वर्षांचं मूल साधारण वीस किलोचं असतं. बटणं शेवटच्या घरापर्यंत सैल करूनही ते मांडीला काचतं आणि मागून उघडं पडतं. ते घेऊ नका.

दुसरी वस्तू म्हणजे ट्रेनिंग पँट किंवा पॅडेड अंडरवेअर. दिसायला अगदी साध्या चड्डीसारखी, मध्ये दोन-तीन पदर जास्त. दिवसा शू सांगायला शिकणाऱ्या मुलासाठी ती केलेली आहे. थोडं सांडलं तर धरते; सात वर्षांच्या मुलाच्या पूर्ण शूपुढे तिचा टिकाव लागत नाही. ज्याला पहाटे चमचा-दोन चमचे गळती होते, त्याला मात्र हीच पुरते आणि तिच्यासारखी आरामशीर दुसरी नाही.

खरी रात्रीची चड्डी मोठ्या मुलांच्या मापात, बाहेरून पाणी न सोडणाऱ्या कापडाची आणि आत जाड शोषणारा भाग असलेली असते. ती बहुधा ऑनलाईनच मागवावी लागते. तिच्यात दोन जाती आहेत: शोषणारा भाग आत शिवून टाकलेली, आणि पॅड सुटा निघणारी.

कोकणासाठी माझं मत स्पष्ट आहे. सुट्या पॅडची घ्या. शिवलेल्या चड्डीत पाच-सहा पदर एकावर एक घट्ट बसलेले असतात आणि बाहेरून वारा न जाणारं कापड असतं. पावसाळी हवेत मधल्या पदरांना वाळायला वाटच उरत नाही. पॅड सुटा असला की बाहेरची चड्डी दोन-तीन तासांत पंख्याखाली कोरडी होते आणि पॅड वेगळा वाळत घालता येतो. त्यातही घडीचा पॅड मिळाला तर सोनंच. घडीचा म्हणजे एकाच पदराचं लांब कापड, घालताना तीन-चार पदरी दुमडायचं आणि वाळताना पूर्ण उलगडायचं. आपल्याकडे बाळाचे लंगोट जुन्या लुगड्याचे, धोतराचे करायचे, त्यामागेही हाच हिशोब होता: ओढून घ्यायला चार पदर, वाळायला एकच.

कापड हातात घेऊन बघा

बाहेरच्या कापडाला पीयूएल म्हणतात, म्हणजे पॉलिस्टरवर पॉलियुरेथेनचा पातळ थर. टीपीयू असं लिहिलेलं असेल तर तेही याच प्रकारातलं. हाताने चुरगाळून बघा. प्लास्टिकच्या पिशवीसारखा करकर आवाज येत असेल तर नको. रात्री कूस बदलताना तो शेजारच्या भावंडाला ऐकू जाईल या भीतीने मोठं मूल ती घालणारच नाही.

शोषणाऱ्या भागात सुती टेरी (टॉवेलसारखं कापड), बांबू, मायक्रोफायबर (बारीक कृत्रिम धाग्यांचं कापड) किंवा हेम्प (भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं कापड) असतं. मायक्रोफायबर शू पटकन ओढतं आणि लवकर वाळतं, पण अंगाचा दाब पडला की पिळल्यासारखं सोडूनही देतं, आणि नुसतं त्वचेला लागलं तर त्वचा रखरखीत करतं. सुती आणि बांबूचं कापड हळू ओढतं, पण धरून ठेवतं. हेम्प सगळ्यात जास्त धरतं आणि सगळ्यात उशिरा वाळतं. जून ते सप्टेंबर त्याच्या वाटेला जाऊ नये. मोठ्या मुलाची शू एका झपाट्यात होते, म्हणून वर मायक्रोफायबर आणि खाली बांबू किंवा सुती घडी ही जोडी मला सगळ्यात भरवशाची वाटते. त्यावर अंगाला लागणारा मऊ फ्लीससारखा पदर असावा. तो स्वतः पाणी धरत नाही, खाली जाऊ देतो, त्यामुळे कातडी कोरडी राहते.

मुलग्याला जाडी पुढे हवी, मुलीला मध्यभागी. पोटावर झोपणाऱ्या मुलाला पॅड पुढे कमरेपर्यंत आलेला हवा, नाहीतर सकाळी चड्डी मागून कोरडी आणि बनियन छातीपर्यंत ओलं.

माप

वयावर जाऊ नका, टेप घ्या. कंबर बेंबीच्या खाली, जिथे चड्डी बसते तिथे मोजा. मांडी अगदी वर, जांघेजवळ. ही दोन मापं मूल बसलेलं असताना पुन्हा घ्या, कारण बसल्यावर आणि पाय पोटाशी घेतल्यावर मांडीचा घेर वाढतो. दोन मापांच्या मधलं मूल असेल तर मांडी कुठल्या मापात नीट बसते ते बघून ठरवा. गळती बहुतेक वेळा मांडीतूनच होते, कमरेचं थोडं सैल चालून जातं.

घातल्यावर इलॅस्टिकखाली दोन बोटं सहज जायला हवीत. मुलाला उकिडवं बसवा, मग एका कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगा. मांडीजवळ फट दिसली तर सैल आहे. सकाळी जांघेत लाल वळ दिसून आंघोळ होईपर्यंत गेला नाही तर घट्ट आहे.

एकच मागवा आणि परीक्षा घ्या

पहिल्यांदा सहाचा संच मागवू नका, कितीही सूट असू दे. एक चड्डी आणि दोन पॅड. सुती किंवा बांबूचे पॅड नवे असताना पाणी नीट ओढत नाहीत, सुती कापडात तर नैसर्गिक तेलकट अंश असतात. तीन-चार वेळा धुऊन वाळवल्यावरच त्यांची परीक्षा घ्या.

परीक्षा सोपी आहे. कोरड्या पॅडचं वजन करा, पाण्यात पूर्ण बुडवा, उचलून धरा, थेंब पडायचे थांबले की पुन्हा वजन करा. फरक म्हणजे त्याची क्षमता. पण झोपलेल्या मुलाच्या अंगाखाली पॅड दाबला जातो आणि त्यातलं थोडं बाहेर येतं. म्हणून तुम्ही लिहून ठेवलेल्या मोठ्या आकड्याच्या निदान दीडपट क्षमता हवी. २२५ मिली शू होणाऱ्या मुलाला साडेतीनशेच्या आसपास. मग पॅड चड्डीत बसवून त्यावर वाटीभर पाणी एकदम ओता, कारण खरी शूही एकदमच येते. पाणी वर थेंब धरून कडेने ओघळलं तर पॅड नीट धुतलेला नाही किंवा वरचा पदर चुकीचा आहे.

त्यानंतर रात्री घालून बघा. सकाळी ओल कुठे आहे ते नीट बघितलं की चूक सापडते. पॅड पूर्ण भिजलाय आणि सगळीकडून झिरपलंय, तर शोषण कमी पडलं, एक घडी वाढवा. पॅड अर्धा कोरडा आहे आणि तरी मांडीतून गळलं, तर माप किंवा बसवणं चुकलं. पॅडची कड चड्डीच्या बाहेर डोकावतेय, किंवा बनियनचं टोक चड्डीच्या आत खोचलं गेलंय, तर सुती कापड दिव्याच्या वातीसारखं ओल वर ओढून घेतं आणि चड्डी चांगली असूनही पाठ भिजते. घालताना बोटाने सगळ्या कडा आत सारून घ्यायच्या, बनियन वर काढायचं. मोठ्या मुलाला हे एकदा दाखवलं की ते स्वतः करतं.

किती घ्यायच्या

रोज ओलं होणाऱ्या मुलाला उन्हाळ्या-हिवाळ्यात तीन चड्ड्या आणि तेवढेच पॅड-संच पुरतात. पावसाळ्यासाठी चड्ड्या तीनच ठेवा, पॅड मात्र सहापर्यंत न्या. वाळायला वेळ पॅडला लागतो. सुट्या पॅडचा दुसरा फायदा हा की खर्च आटोक्यात राहतो.

घरगुती घडीही चालते. जुना टर्किश टॉवेल, फ्लॅनेल, सुती धोतर यांच्या घड्या शिंप्याकडून कडा शिवून घ्या. बाहेरची पीयूएलची चड्डी मात्र विकतचीच घ्या. मध्यभागी सुई गेली की प्रत्येक भोकातून झिरपतं.

अंथरुणाची काळजी वेगळी घ्यायची. चड्डी कितीही चांगली असली तरी कापसाच्या गादीवर मेणकापड किंवा वॉटरप्रूफ मॅट हवीच, कारण भिजलेली कापसाची गादी पावसात वाळवणं कोणालाच जमलेलं नाही. मॅट, चादर, त्यावर पुन्हा मॅट, पुन्हा चादर असं दुहेरी अंथरा. रात्री दोन वाजता वरचा जोड काढला की खाली कोरडं अंथरूण तयार असतं, आणि लाईट गेलेली असली तरी शोधाशोध होत नाही.

धुणं आणि वाळवणं

सकाळी पॅड काढला की लगेच न्हाणीत साध्या पाण्याने दोन-तीनदा खळबळून पिळा. शूमधल्या युरियाचं जिवाणू अमोनिया करतात, आणि तो नाकात जाणारा वास एकदा धरला की जाता जात नाही. दिवसभर बादलीत भिजत ठेवू नका. मग नेहमीची पावडर, पण कमी. पावडर कापडात राहिली तर तीही वास धरते आणि अंगावर पुरळ आणते. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा थर बसून कापड पाणी ओढेनासं होतं. ब्लीचही नको.

पॅड दगडावर धुतले तर बिघडत नाही. चड्डी मात्र धोपटायची नाही, ब्रश मारायचा नाही, कढत पाण्यात घालायची नाही, इस्त्री करायची नाही. पीयूएलचा थर उकलला की चड्डी संपली. किनाऱ्यालगत एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी मचूळ होतं, त्यात पावडरीला फेस येत नाही आणि कापड राठ होतं. तेव्हा निदान शेवटचं खळबळणं तरी गोड्या पाण्यात करा.

उन्हाच्या दिवसांत पॅड उन्हात, चड्डी सावलीत. पावसात पडवीतल्या दोरीवर पॅड पूर्ण उलगडून, दोन पॅडमध्ये वीतभर जागा ठेवून, पंख्यासमोर. मशीन असेल तर पॅडना एक जास्तीचा स्पिन द्या. न्हाणीतली चूल विझल्यावर तिच्या उबेत पॅड ठेवता येतात. जळत्या चुलीवर नको, धुराचा वास मुलाच्या अंगाला येतो. सुती घडी शेवटी इस्त्रीने वाळवली तरी चालते, मायक्रोफायबर नाही. वाळलं की नाही ते गालाला लावून बघा. गार लागलं तर आत ओल आहे.

वास धरलाच तर फक्त पॅड गरम पाण्यात, पावडर न घालता, फेस यायचा थांबेपर्यंत खळबळून काढा आणि मिळेल त्या उन्हात घाला.

त्वचेसाठी खोबरेल तेल आपण सर्रास लावतो. रात्री चड्डीखाली लावलंत तर ते पॅडला लागतं आणि पॅड पाणी झिडकारू लागतो. लावायचंच असेल तर मध्ये पातळ सुती पट्टी ठेवा. सकाळी मांड्या साध्या पाण्याने धुऊन कोरड्या करणं हे कुठल्याही मलमापेक्षा महत्त्वाचं. दमट हवेत जांघेत गोल, खाजरे चट्टे उठले तर ते नायट्याचे असू शकतात, डॉक्टरांना दाखवा.

गणपतीत, गाडीत, पाहुण्यांत

चतुर्थीला माजघरात दहा-बारा भावंडं एका रांगेत झोपतात. ज्याला रात्री शू होते, त्या मुलाच्या पोटात त्याच्या आधी आठवडाभर गोळा असतो. मुंबईहून येणारी कित्येक मुलं काहीतरी कारण काढून आईजवळ झोपायला बघतात, ते यासाठीच. तयारी आधीच करा. गडद रंगाची चड्डी, वर सैल हाफपँट, आणि एक झिपची वॉटरप्रूफ पिशवी मुलाच्या स्वतःच्या सॅकमध्ये. घरातल्या एकाच मोठ्या माणसाला, काकूला किंवा आत्याला, बाजूला घेऊन सांगून ठेवा: 'सकाळी त्याला आधी न्हाणीत जाऊ द्या, पिशवी मी बघते.' बाकी कोणाला कळायची गरज नाही. अंथरूण भिंतीकडेला, न्हाणीच्या वाटेवर घालून द्या.

कोकणकन्येसारख्या रात्रीच्या गाडीत जेवण झाल्यावर, डब्यातले दिवे मालवायच्या आधी संडासात जाऊन चड्डी बदलून घ्यायची. खालचा बर्थ मुलाला, आणि सीटवर घडीची मॅट.

घरात या वस्तूला 'डायपर' म्हणू नका. रात्रीची चड्डी म्हणा. रंग मुलाला निवडू द्या, घालायची-काढायची त्यालाच, सकाळी पॅड बादलीत टाकायचं कामही त्याचं, पण शिक्षा म्हणून नाही. दात घासण्यासारखं रोजचं काम म्हणून. आणि घालायला नकोच म्हणाला तर ओढून घालू नका. त्या रात्री मॅट आणि दुहेरी अंथरुणावर भागवा. डॉक्टरांनी अलार्म सुरू केला असेल तर सेन्सर पॅडच्या आत, अंगाजवळ बसतो का ते त्यांनाच विचारून घ्या. शू आधी पॅडमध्ये मुरली तर तो उशिरा वाजतो.

सलग चौदा रात्री चड्डी कोरडी निघाली की ती बंद करून बघायची. शाळेला सुट्टी असताना सुरुवात करा, मॅट आणखी महिनाभर राहू द्या. मध्येच एखादी रात्र ओली गेली तर काही बोलायचं नाही, दोन-चार दिवस चड्डी पुन्हा चालू करायची. लहान झालेल्या चड्ड्या फेकण्याआधी मांडीचं इलॅस्टिक ताणून बघा. ते परत जागेवर येत असेल आणि आतला थर कुठे उकललेला नसेल तर धुऊन, वाळवून धाकट्याला किंवा नात्यातल्या गरजू मुलाला देता येते. पॅड मात्र नवे घ्या.